मांजराच्या पिल्लाइतका अशक्त

आमच्या बिल्डिंगमध्ये आजारी पडायचं असेल तर आधी तिसऱ्या मजल्यावर जावं लागायचं. डॉक्टर तळमजल्यावरच बसायचा, पण त्याच्याकडे नुसत्या गोळ्या मिळायच्या. रजा मिळायची ती सरांकडे.

सर म्हणजे कुठल्या शाळेतले सर नव्हेत. हयात गेली एका साबणाच्या कंपनीच्या पर्सोनेल खात्यात, आणि तिथं काम काय, तर कामगारांचे रजेचे अर्ज वाचून फायलीला लावणं. लोकांचे ताप, जुलाब आणि एकेकाच्या चार-चार आज्यांचे मृत्यू वाचून वाचून माणूस खरोखर आजारी पडतो यावरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. विश्वास उरला होता तो फक्त इंग्रजीवर. निवृत्त झाल्यावर त्यांनी मीरा रोडला, सिल्व्हर पार्कात घर घेतलं आणि हॉलमध्ये लेखी इंग्रजीचा क्लास काढला. लेखीच. कोणी स्पोकनचं विचारलं की म्हणायचे, बोलतो तर पोपटसुद्धा, त्याने एक अर्ज लिहून दाखवावा.

आम्ही त्यांच्या बरोबर खालच्या मजल्यावर. सरांनी खुर्ची सरकवली की आमचा पंखा थरथरायचा. पप्पांना वाटायचं, एवढं इंग्रजी डोक्यावर चाललंय तर पोरीच्या डोक्यातही थोडं शिरू दे. म्हणून बारावीनंतर मला वर पाठवलं, आणि मी पुढे नोकरीला लागले तरी ते वर जाणं काही सुटलं नाही. माझं अक्षर चांगलं, त्यामुळे सरांचे अर्ज फेअर करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कोणी पाडलं, कधी पाडलं, विचारू नका. त्या घरात कामं अशीच गळ्यात पडायची.

सरांचं एक वेड होतं. अशक्तपणा. कोणी वहीत 'आय ॲम व्हेरी वीक' असं लिहिलं की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. व्हेरी म्हणजे किती, वाटीभर की बादलीभर? अशक्तपणा असा उघड्यावर सोडायचा नाही, तो कशाच्या तरी शेजारी उभा करायचा. ॲज वीक ॲज. कशाइतका वीक, ते सांगा. आणि 'वीकर' लिहिलंत तर कोणापेक्षा वीकर, तेही सांगा. वीकर दॅन हूम? हा प्रश्न ते इतक्या वेळा विचारायचे की क्लासच्या पोरांनी त्यांचं नावच दॅनहूम ठेवलं होतं. दॅनहूम आले, दॅनहूम झोपले, दॅनहूमनी आज धोतर वाळत घातलंय. सरांना हे माहीत होतं. त्यांची हरकत एवढीच की पोरं ते जोडून उच्चारतात.

हे वेड घरात राहिलं असतं तर गोष्ट वेगळी. पण सर खाली उतरले की लाल पेन खिशात असायचं. एकदा सोसायटीच्या सेक्रेटरीने बोर्डावर इंग्रजीत नोटीस लावली, की आज पाण्याचं प्रेशर व्हेरी वीक आहे. सरांनी 'व्हेरी' खोडलं आणि खाली लाल अक्षरात दोन प्रश्न लिहिले. कशाइतकं वीक? आणि कोणत्या विंगपेक्षा वीकर? पहिल्या प्रश्नाकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. दुसरा मात्र बी विंगच्या बायकांना बरोब्बर लागला. संध्याकाळी त्या रिकाम्या बादल्या घेऊन ऑफिससमोर हजर. सेक्रेटरी हात जोडून म्हणतायत, "सरजी, पानी की बात है, इंग्लिश की नहीं." सर शांतपणे म्हणाले, "पानी आधा आता है, कम से कम सेंटेन्स तो पूरा आना चाहिए." शेवटी गच्चीवर जाऊन व्हॉल्व पाहिले, तर सी विंगचा खरंच जास्त उघडा निघाला. सेक्रेटरी सी विंगमध्ये राहायचे. बिल्डिंगने त्या दिवशी सरांना डोक्यावर घेतलं, आणि सरांना का घेतलं ते कळलंच नाही. पाण्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांचं वाक्य पूर्ण झालं होतं.

आता रजेची पद्धत सांगते, कारण ती जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. रविवारी सकाळी लोक अर्ज लिहून घ्यायला यायचे. सर पैसे घेत नसत, पण खोटी उपमा लिहीत नसत. म्हणून आधी परीक्षा. सरांची एक डिक्शनरी होती, उशीएवढी जाड, काकूंनी जुन्या साडीच्या काठाचं कव्हर शिवलेली. ती अर्जदाराच्या उजव्या तळहातावर ठेवायची, हात सरळ पुढे, आणि सर सावकाश, देवळातल्या पुजाऱ्यासारखं म्हणणार: वीक, वीकर, वीकेस्ट.

'वीकेस्ट'पर्यंत धरून मग हात खाली आला तर तुम्ही ॲज वीक ॲज अ किटन, मांजराच्या पिल्लाइतके अशक्त. तीन दिवस रजा, चौथ्या दिवशी कामावर, एक्स्टेन्शन नाही. 'वीकर'ला आला तर ॲज वीक ॲज अ बेबी, आठवडा मिळायचा. आणि 'वीक' म्हणताच, म्हणजे डिक्शनरी ठेवल्या ठेवल्या आला, तर ॲज वीक ॲज वॉटर, पाण्याइतका. तिथं रजा नाही, सरळ काम सोडल्याचं पत्र. ते त्यांनी कधी कोणाला दिलं नाही. तेवढा अशक्त माणूस जिना चढून माझ्यापर्यंत येणार कसा, असं म्हणायचे. आणि तिन्ही होऊनही हात जागचा हलला नाही, तर चला, कामावर जा.

लोक काय कमी बेरकी? आठवडा मिळावा म्हणून 'वीकर'ला हात टाकायचे. मी तर दारामागे आरशात प्रॅक्टिस करणारे पाहिलेत. पण सर वस्ताद. खोटा हात कोपरातून वाकतो, खरा खांद्यातून पडतो, असा त्यांचा सिद्धांत होता. कोपर वाकलं की हकालपट्टी. मग घासाघीस सुरू. सर, बेबी नाही तर किटन तरी द्या हो, गावी गणपती आहेत. सर द्यायचे नाहीत. गणपती हा आजार नाही.

एवढा छळ सोसून लोक का यायचे, तर सरांच्या अर्जावर रजा नक्की मिळायची. साहेबलोकांना त्या इंग्रजीची भीती वाटत असावी.

आमच्या क्लासला उत्तनच्या कोळीवाड्यातला एक जण यायचा, बँकेच्या कॉल सेंटरात कामाला. नारळी पौर्णिमेनंतर घरची होडी पाण्यात लोटायला त्याला रजा हवी होती. तो गडी असा दणकट की डिक्शनरी धरून उभा राहिला तो हलेच ना. सर तीनदा म्हणून थकले. कामावर जा, म्हणाले. पुढच्या रविवारी त्याची आई आली. डोक्यावरची पाटी जिन्यात उतरवली आणि दारातूनच म्हणाली, "मास्तर, माजा पोर आजारी न्हाय. पन आजारी मानूस होडी लोटल काय?"

सरांनी डिक्शनरी कपाटावर परत ठेवली. मग त्यांनी अर्ज सांगितला तो असा: अर्जदार अशक्त नाही, तो घोड्याइतका सशक्त आहे, आणि होडी लोटायला अशक्त माणूस चालत नाही, सबब रजा द्यावी. मी लिहिता लिहिता हसत होते. रजा मिळाली.

आई खूश झाली आणि तिने सुक्या बोंबलांची जुडी पाठवली. सर शाकाहारी. टाकवेना, ठेववेना, म्हणून ती गॅलरीत टांगली. दोन दिवसांत सिल्व्हर पार्कातली झाडून सगळी मांजरं तिसऱ्या मजल्यावर. त्यातली एक तिथंच, जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यावर व्याली.

इथं सरांवर खरं संकट कोसळलं. इतकी वर्षं लोकांना मांजराच्या पिल्लाइतके अशक्त ठरवणाऱ्या या माणसाने मांजराचं पिल्लू जवळून कधी पाहिलंच नव्हतं. पिल्लं थोडी मोठी झाली आणि एक पडद्यावरून पेलमेटवर चढलं. दुसऱ्याने स्वतःपेक्षा लांब बोंबील ओढत सोफ्याखाली नेला. तिसऱ्याने सरांच्या अंगठ्याला असा चावा घेतला की तळमजल्यावरच्या डॉक्टरकडे जाऊन इंजेक्शन घ्यावं लागलं. मी म्हटलं, सर, आता पट्टी बांधलेल्या हाताने किटन कसं लिहायचं? तर म्हणाले, ही मीरा रोडची पिल्लं आहेत, टँकरच्या पाण्यावर वाढलेली. उपमेतली पिल्लं इंग्लंडची. डोळ्यांदेखत पडदा फाटत होता, पण उपमा फाटू द्यायची नाही. असा हट्ट.

हसून झालं असेल तर आता काकूंचं सांगते. सांगावंसं वाटत नाही, पण त्याशिवाय सर पुरे होत नाहीत.

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. क्लास चालू असला की मधल्या दारातून चहाचा ट्रे आत सरकवणारा हात, एवढीच बऱ्याच मुलांना माहीत. एका उन्हाळ्यात त्या थकल्यासारख्या दिसायला लागल्या. कणीक मळता मळता ओट्याला टेकायच्या. मी सरांना म्हटलं, काकूंना एकदा दाखवून आणा. सर डिक्शनरी घेऊन स्वयंपाकघरात गेले. थट्टा म्हणून गेले, की खरंच, मला अजून ठरवता येत नाही. काकूंनी पदराला हात पुसले, हात पुढे केला आणि सरांकडे बघत उभ्या राहिल्या. वीक, वीकर, वीकेस्ट. हात तसूभर हलला नाही. मग त्यांनी डिक्शनरी पिठाच्या डब्यावर ठेवली आणि पोळी लाटायला घेतली. सर माझ्याकडे वळून म्हणाले, बघ, काही झालेलं नाही. डॉक्टरकडे नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. पावसाळा उजाडायच्या आत काकू गेल्या.

मला त्या दिवसाचा अजून राग येतो. अहो, जिने जन्मभर तुमचं घर एका हातावर पेललं, ती तुमच्यासमोर पुस्तक खाली टाकेल होय?

काकूंचे दिवस झाले आणि त्यानंतरच्या रविवारी परीक्षा पुन्हा सुरू. बिल्डिंगमध्ये लोक काय काय बोलले. मीही बोलले. फरक झाला तो एकच. आता अर्जदाराने हात पुढे केला की सर आपला तळहात त्याच्या हाताखाली धरून उभे राहायचे. डिक्शनरी जुनी झालीय, पडली तर पानं सुटतील, असं कारण सांगायचे.

सरांची एकुलती मुलगी पुण्याला. आम्ही तिला ताई म्हणायचो. हीसुद्धा डिक्शनरीचीच शिकार, क्लास निघायच्या आधीपासूनची. दहावीच्या परीक्षेत अंगात ताप असताना तिने ती धरून दाखवली होती, म्हणून सरांनी तिला पेपराला पाठवलं, आणि ती वर्गात चक्कर येऊन पडली. आई गेल्यानंतर तर ती बापाशी कामापुरतंच बोलायची. फोनवर 'बरं आहे ना' आणि 'बरं' एवढ्यात संपायचं.

गेल्या पावसाळ्यानंतर सरांना डेंग्यू झाला. हॉस्पिटलातून घरी आले ते अर्धे होऊन. ताई पुण्याहून आली ती दोन रिकाम्या बॅगा घेऊनच. तिने मला वर बोलावलं आणि म्हणाली, तुझं अक्षर चांगलं आहे, सोसायटीला बाबांच्या नावाने एक पत्र लिही. क्लास बंद, घराला कुलूप, बाबा पुण्याला.

सर पलंगावर उशीला टेकून बसले होते. हे घर सोडून, हा क्लास सोडून ते पुण्याच्या फ्लॅटमध्ये नातवाच्या खेळण्यांत बसले तर महिनाभरसुद्धा टिकणार नाहीत, हे मला कळत होतं आणि त्यांनाही. पण विनवणी करायची सवय नव्हती. म्हणाले, क्लास बंद राहील, पण नियमाने मिळतील तेवढेच दिवस.

ताईच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, आता ही इतक्या वर्षांचं सगळं काढणार. तिने काढलं नाही. कपाटावरून डिक्शनरी उतरवली. "ठीक आहे," ती म्हणाली, "नियमानेच करू. धरा, बाबा."

मी म्हटलं, ताई, कालपर्यंत सलाईन होतं त्यांना. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. सरांनी मात्र मला हाताने थांबवलं, शर्टाची बाही नीट केली आणि हात पुढे केला.

तिने डिक्शनरी त्यांच्या तळहातावर ठेवली. "वीक," ती म्हणाली.

हात पडला. खांद्यातून.

डिक्शनरी खाली पडली नाही. ताईचा तळहात खाली होता. तो तिथं कधी आला ते मला दिसलं नाही, आणि बहुतेक तिलाही ठाऊक नसावं. ती तशीच उभी राहिली, एका हातात आईच्या साडीच्या काठाचं ते धूड घेऊन.

सरांनी आपल्या मांडीवर पडलेल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "लिही. ॲज वीक ॲज वॉटर." आणि ताईकडे न बघता हळूच म्हणाले, "तुझ्या आईचा हात मी नीट पाहिला नाही."

ताईने तोंड खिडकीकडे केलं.

मी लिहायला घेतलं. इतकी वर्षं मी या माणसाचा शब्द न शब्द उतरवून घेतला होता, स्वल्पविराम चुकला तर पान फाडून पुन्हा लिहिलं होतं. त्या दिवशी मी लिहिलं, अर्जदार ॲज वीक ॲज अ किटन आहे, तरी क्लास तीन दिवस बंद राहील. आणि कागद सरांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावला. सवयीने लाल पेन उघडलं. ओळीवरून पेनाचं टोक सरकत गेलं ते 'किटन'पाशी थांबलं. आयुष्यात एक खोटी उपमा या माणसाने सोडली नव्हती, होडीवाल्याची नाही, गणपतीवाल्यांची नाही, पोटच्या पोरीची नाही. पेन तिथं थांबलं, थांबलं, आणि मग खाली जाऊन सरांनी सही केली. लाल पेनानेच.

ताईने कागद घेऊन वाचला. किटन म्हणजे काय, तीन दिवस म्हणजे काय, हे तिला काही समजावून सांगायला नको होतं. "बाबा, हे वाचलंत तुम्ही?"

"वाचलं."

"चूक नाही ना काही?"

"चूक नाही," सर म्हणाले.

तिने कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मग रिकाम्या बॅगा पायाने पलंगाखाली सरकवल्या आणि म्हणाली, मग तीन दिवस थांबते मी. आणि चौथ्या दिवशी काय? सर म्हणाले, एक्स्टेन्शन नाही, पण नवा अर्ज करता येतो. कोण लिहिणार? ही लिहील, हिला काय काम आहे.

मला कोणी विचारलं नाही. विचारायची पद्धत त्या घरात नव्हतीच.

ताईने पुण्याचं काम लॅपटॉपवर इथूनच सुरू केलं, पुण्याला जाऊन-येऊन. क्लास म्हणायला बंद, पण पोरं पलंगाभोवती बसायचीच. ताई दारात उभी राहून हळू बोला म्हणायची, आणि सर विचारायचे, हळू दॅन हूम. मी ऑफिसातून आले की दर चौथ्या दिवशी वर जाऊन तेच वाक्य लिहायचे, सर लाल पेन उघडून वाचायचे आणि सही करायचे. सेक्रेटरी 'सरजी का बिल्लीवाला लेटर' म्हणून ते बोर्डावर लावायचे. डिक्शनरी पुन्हा कोणाच्या हातावर ठेवली नाही.

सर गेले त्या आठवड्यातला शेवटचा अर्ज ताईने जपून ठेवलाय. तोही किटनचाच आहे. सपशेल खोटा, पण इंग्रजी शुद्ध.